न्यूट दरवर्षी येतात, अंडीही घालतात. मग पिल्लं जातात कुठे?

ब्रिटनमध्ये मागच्या बागेत तळं केलेल्यांची एक तक्रार जुलै-ऑगस्ट आला की हमखास ऐकू येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पावसाळी रात्री न्यूट (पालीसारखे दिसणारे उभयचर) तळ्यात उतरले, एप्रिलमध्ये पाणवनस्पतींची पानं दुमडलेली दिसली, म्हणजे अंडीही झाली. पण उन्हाळा संपेपर्यंत एक पिल्लू दिसेल तर शपथ. दोन-तीन वर्षं असं झालं की मोठे न्यूटही कमी होतात. मग तळं उपसलं जातं, नवी झाडं येतात, पंप बसतो, आणि पुढचा हंगाम आधीपेक्षा वाईट जातो.

सगळं एकदम बदललं की नेमकं काय चुकत होतं ते कधीच कळत नाही. न्यूटचं वर्ष ठरलेल्या टप्प्यांनी जातं. मोठे न्यूट येणं, अंडी, कल्लेवाली पिल्लं, पिल्लांनी पाण्याबाहेर पडणं आणि जमिनीवर हिवाळा काढणं. कोणत्या टप्प्यावर अडतंय ते आधी बघायचं आणि तेवढंच दुरुस्त करायचं.

भारतातून तिकडे गेलेल्यांसाठी एक खुलासा. सह्याद्रीत न्यूट नाहीत. भारतात ते दार्जिलिंग, सिक्कीम आणि ईशान्येकडच्या काही डोंगरांतच सापडतात. त्यामुळे तळ्याकाठी पहिल्यांदा न्यूट दिसला की ‘पाल आली’ असं वाटणं साहजिक आहे. न्यूट हा बेडकाच्या गोतातला. अंगावर खवले नाहीत, त्वचा ओलसर, जमिनीवर चाल संथ.

आधी कोणता न्यूट आहे ते ठरवा

हे कुतूहलापोटी नाही, कायद्यासाठी करायचं. बागेत बहुधा स्मूथ न्यूट असतो: दहा सेंटीमीटरपर्यंत लांब, पोट नारिंगी आणि त्यावर गोल ठिपके, गळ्यावरही ठिपके, विणीच्या काळात नराच्या पाठीवर लाटेसारखा तुरा. पामेट न्यूट थोडा लहान, गळा बिनठिपक्यांचा, फिकट गुलाबी. नराच्या मागच्या पायांना काळे पडदे आणि शेपटीच्या टोकाला बारीक दोरा. ग्रेट क्रेस्टेड मात्र एकदम वेगळा: पंधरा सेंटीमीटर किंवा त्याहून मोठा, जवळजवळ काळा, खरबरीत अंगाचा, नराच्या पाठीवर करवतीच्या दात्यांसारखा तुरा.

ग्रेट क्रेस्टेड असण्याची जरा जरी शक्यता वाटली तरी तळ्यात जाळी घालू नका, तळं उपसू नका, ओंडक्यांचा ढीग हलवू नका. वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्ट १९८१ आणि त्यानंतरच्या अधिवास-नियमांनुसार त्याला पकडणं, त्रास देणं, त्याची विणीची किंवा विसाव्याची जागा बिघडवणं हा गुन्हा आहे. अशा कामाला परवाना लागतो. इंग्लंडमध्ये तो नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेकडून मिळतो. स्मूथ आणि पामेटच्या बाबतीत ग्रेट ब्रिटनमध्ये मुख्य बंदी विक्रीवर आहे. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र स्मूथ न्यूटलाही पूर्ण संरक्षण आहे.

कुठे अडतंय, ते कसं शोधायचं

मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत, वारा नसलेल्या आणि पाच अंशांहून उबदार रात्री, अंधार पडल्यावर तासाभराने काठाकाठाने टॉर्च फिरवा. उथळ पाण्यात मोठे न्यूट सहज दिसतात. एकही दिसला नाही तर पिल्लांचा प्रश्न पुढचा, आधी येण्याची वाट तपासायची. आसपासच्या काहीशे मीटरमध्ये दुसरं तळं आहे का, आणि मधल्या कुंपणांना खालून फट आहे का? साळिंदरासारख्या हेजहॉगसाठी लोक कुंपणाला तेरा सेंटीमीटरचं चौकोनी भोक ठेवतात. न्यूटला त्याच्या पावपट जागाही पुरते.

एप्रिल-मेमध्ये पानं बघा. मादी अंडी पुंजक्याने टाकत नाही. दोनशे-तीनशे अंडी एकेक करून पानाच्या घडीत गुंडाळते. घडी उलगडून बघण्याचा मोह टाळा. उलगडलेलं अंडं भक्षकाच्या तोंडी जातं. दुमडलेली पानं मोजली तरी पुरे. ग्रेट क्रेस्टेडची निम्मी अंडी गुणसूत्रांतल्या जन्मजात दोषामुळे वाढतच नाहीत, तेव्हा काही अंडी पांढरी पडून कुजलेली दिसली म्हणून पाण्याला दोष देऊ नका.

जूनच्या शेवटी, फक्त स्मूथ किंवा पामेट असल्याची खात्री असेल तर, मऊ जाळी वनस्पतींमधून हळू फिरवून पांढऱ्या ट्रेमध्ये रिकामी करा. ट्रेमध्ये दोन बोटं पाणी हवं. न्यूटच्या पिल्लाच्या मानेशी पिसासारखे कल्ले दिसतात आणि पुढचे पाय आधी फुटतात. बेडकाच्या टॅडपोलला मागचे पाय आधी फुटतात. एवढ्या फरकाने गोंधळ मिटतो. बघून झालं की त्याच जागी परत सोडा.

आता निदान. अंडी आहेत पण जूनअखेर पिल्लं नाहीत, तर मासे किंवा पाणी. जूनला पिल्लं आहेत पण ऑगस्टमध्ये काठावर काहीच नाही, तर प्राणवायू, आटणं, पंप किंवा बाहेरची कोरडी जमीन. पिल्लं बाहेर पडतात पण दोन-तीन वर्षांनी मोठे न्यूट घटतात, तर हिवाळ्याची जागा.

मासे: सर्वांत जास्त वेळा हेच

गोल्डफिश अंडीही खातो आणि पिल्लंही. स्टिकलबॅकसारखा बोटाएवढा देशी मासासुद्धा पिल्लांचा फडशा पाडतो. ‘दोनच तर मासे आहेत’ हे सांगण्यात अर्थ नाही; दोनाचे पुढच्या वर्षी चाळीस होतात. दाट वनस्पती असतील तर स्मूथची काही पिल्लं खालच्या जाळीत लपून वाचतात, पण ग्रेट क्रेस्टेडची पिल्लं उघड्या पाण्यात पोहतात आणि त्यांना मासे असलेल्या तळ्यात जवळजवळ वाव नसतो. मासे तुम्ही सोडलेच नसतील, तरी वनस्पतींना चिकटलेल्या अंड्यांतून किंवा शेजारच्या मुलांच्या कृपेने ते येतात.

नुसत्या जाळीने सगळे मासे निघत नाहीत. ग्रेट क्रेस्टेड नसेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पिल्लं बाहेर पडल्यावर आणि मोठे न्यूट जमिनीवर गेल्यावर, तळं उपसा. पंपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. पाणी शेवटच्या दहा सेंटीमीटरवर आलं की हाताने गाळ चाळत बसा. कल्लेवाली उशिराची पिल्लं, चतुराच्या अळ्या, पाणगोगलगाई यांना तळ्याच्याच पाण्याच्या टबात ठेवा. तळ चार-पाच दिवस कोरडा राहू द्या. एखाद्या खड्ड्यात वाटीभर पाणी राहिलं तरी एखादं माशाचं पोर त्यात जगतं आणि सगळी मेहनत वाया जाते. मग हिवाळ्याच्या पावसाने तळं आपोआप भरू द्या. काढलेले मासे मत्स्यपालन करणाऱ्याला द्या. नदीत किंवा कालव्यात गोल्डफिश सोडणं बेकायदा आहे, आणि ओळखीच्याच्या बागेतल्या तळ्यात सोडणं म्हणजे तोच त्रास त्याच्या गळ्यात बांधणं.

हिरवं पाणी आणि केसाळ शेवाळ

मूळ कारण बहुधा नळाचं पाणी. त्यात नायट्रेट असतं. शिवाय जुन्या शिशाच्या नळांतून शिसं उतरू नये म्हणून ब्रिटनमधल्या अनेक पाणीकंपन्या त्यात फॉस्फेट मिसळतात. पिण्यासाठी ते ठीक, शेवाळाला मात्र ते खत. क्लोरीन दोन दिवस उघडं ठेवल्यावर उडून जातं, पण क्लोरामाइन असेल तर ते तसं जात नाही, आणि फॉस्फेट-नायट्रेट तर जातच नाहीत. तेव्हा तळं भरायला आणि पाण्याची भर घालायला पन्हळीखालच्या पिंपातलं पावसाचं पाणी वापरा. तीन मीटर बाय दोन मीटरच्या, सरासरी तीस सेंटीमीटर खोल तळ्यात साधारण १८०० लिटर पाणी मावतं. दोनशे लिटरच्या एका पिंपातून दर आठवड्याला थोडं थोडं टाकणं सहज जमतं. नळाचं पाणी घालायची वेळ आलीच तर एका खेपेला एकूण पाण्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नको.

दुसरं कारण माती. कुंड्यांसाठीचं कंपोस्ट किंवा बागेची खतावलेली माती तळ्यात गेली की दोन-तीन उन्हाळे शेवाळ हटत नाही. झाडं धुतलेल्या वाळूत किंवा बारीक खडीत लावा. हिरवळीला खत घालत असाल तर तळ्याचा काठ पाच सेंटीमीटर उंच ठेवा, नाहीतर प्रत्येक पावसात ते खत आत वाहत येणार.

केसाळ शेवाळ काठीला गुंडाळून काढा, पण एका वेळी थोडंच, आणि काढलेला गुंता रात्रभर काठावर, पाण्याला टेकून ठेवा म्हणजे अडकलेले जीव परत उतरतात. जवाचा पेंढा, तळ्याच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ५० ग्रॅम, सैल जाळीत भरून लवकर वसंतातच तरंगत ठेवला तर काही तळ्यांत फरक पडतो, काहींत नाही. आलेलं शेवाळ त्याने मरत नाही. काळा पडला की काढून टाका. तांबंयुक्त शेवाळनाशक मात्र कधीच नको. कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या पिल्लांना ते विष आहे.

आणखी एक, मराठी घरांपुरतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गणपती बसतात आणि नेमकी तेव्हाच शेवटची पिल्लं पाण्यात असतात. शाडूची असली तरी मूर्ती या तळ्यात विसर्जित करू नका. पाणी दिवसेंदिवस गढूळ राहतं आणि निर्माल्य कुजून त्याचं खत होतं. विसर्जनाला वेगळा टब ठेवा. ते पाणी नंतर गुलाबाला घालता येतं.

अंडीच दिसत नसतील तर

मोठे न्यूट आहेत आणि दुमडलेली पानं नाहीत, तर मऊ, लवचीक, अरुंद पानांची झाडं नाहीत असं समजा. कमळाची जाड पानं मादीला दुमडता येत नाहीत. वॉटर फर्गेट-मी-नॉट, फ्लोटिंग स्वीट-ग्रास, ब्रुकलाइम आणि वॉटर मिंट ही चार झाडं उथळ काठाला लावली की पुरे. पाण्याखाली हॉर्नवॉर्ट किंवा स्टारवॉर्ट. झाडं वाढेपर्यंतची सोय म्हणून काळ्या कचरापिशवीच्या सेंटीमीटरभर रुंदीच्या पट्ट्या कापून जुडी करा, काठीला बांधा आणि मार्चमध्ये पाण्यात खोचा. मादी त्यातही अंडी घालते. ती जुडी सप्टेंबरपर्यंत हलवू नका.

दुकानातून झाडं घेताना न्यूझीलंड पिग्मीवीड, पॅरट्स फेदर, फ्लोटिंग पेनीवॉर्ट, वॉटर फर्न आणि वॉटर प्रिमरोज ही नावं लक्षात ठेवा. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१४ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आहे, तरी दुसऱ्या झाडाच्या मुळांत त्यांचा तुकडा येऊ शकतो. आणलेलं झाड आधी बादलीत तीन-चार आठवडे ठेवा. पिग्मीवीडचा नखाएवढा तुकडाही तळं भरून टाकतो आणि मग ते काढणं जवळजवळ अशक्य.

जूनमध्ये होती, ऑगस्टमध्ये गायब

सर्वांत आधी पंप बंद करा. न्यूटच्या तळ्याला धबधबा, फिल्टर, अतिनील दिवा यातलं काहीच लागत नाही; सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची पिल्लं पंपात ओढली जातात.

उकाड्याच्या रात्री प्राणवायू कमी होतो. दिवसभर शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री स्वतःच तो वापरतं. पहाटे पातळी सर्वांत खाली असते. मोठा न्यूट वर येऊन हवा घेतो, पिल्लू बहुतांशी कल्ल्यांवर अवलंबून. उपाय म्हणजे पृष्ठभागाचा किमान एक तृतीयांश भाग मोकळा ठेवणं आणि डकवीड (पाण्यावर तरंगणारी बारीक पानांची वनस्पती) दर आठवड्याला गाळणीने काढणं. दक्षिणेची बाजू उघडी असावी, म्हणजे वसंतात पाणी लवकर तापतं आणि पिल्लं उशिरा राहत नाहीत. सगळं तळं झाडाच्या सावलीत असेल तर फांद्या छाटा, हिवाळ्यात.

पाणी घटत असेल तर ते वाफेने की गळतीने, हे आधी ठरवा. काठाच्या दगडावर खूण करा. उन्हाळ्यात रोज काही मिलिमीटर घट होणारच. रोज दोन सेंटीमीटर जात असतील आणि एका पातळीवर येऊन घट थांबत असेल, तर छिद्र त्याच पातळीला आहे. छिद्र शोधण्याआधी काठ बघा: हिरवळीची मुळं किंवा माती लायनरवरून (तळ्यात अंथरलेल्या जलरोधक पत्र्यावरून) पाण्याला टेकलेली असेल तर ती वातीसारखी पाणी ओढून बाहेर सोडते. तेवढी माती मागे सारली की बऱ्याच ‘गळत्या’ बंद होतात. लायनर बदलायचंच झालं तर माप असं: लांबी अधिक खोलीची दुप्पट अधिक साठ सेंटीमीटर, आणि रुंदीचंही तसंच. तीन बाय दोन मीटर, साठ सेंटीमीटर खोल तळ्याला ४.८ बाय ३.८ मीटरचा तुकडा लागतो, खाली अंथरायचं जाड कापडही तेवढंच. सप्टेंबरनंतर तळं आटलं तर घाबरू नका. बहुतेक पिल्लं तोवर बाहेर गेलेली असतात आणि कधीमधी आटल्याने चोरून आलेले मासे मरतात.

बाहेर पडायची वाटही तपासा. एक बाजू तरी तीनास एक किंवा त्याहून सौम्य उताराची हवी. तयार साच्याच्या प्लास्टिक तळ्याला उभ्या भिंती असतात. तिथे विटांची पायरी रचा किंवा तागाचं पोतं आतून बाहेर सोडा. तळ्यात पुढे झुकलेली फरशी हा पिल्लांचा मोठा अडसर. तिच्याखाली जाऊन ती अडकतात.

पाण्याबाहेरची बाग

न्यूट वर्षातले बरेच महिने जमिनीवर असतो, हे लक्षात न घेतल्यामुळे चांगली तळी ओस पडतात. जुलै ते सप्टेंबरमध्ये बाहेर पडणारं पिल्लू तीन-चार सेंटीमीटरचं असतं. तळ्याच्या कडेला खडी, पाटिओ किंवा प्लास्टिकची हिरवळ असेल तर ते तासाभरात वाळतं. किमान एका बाजूला मीटर-दीड मीटरचा पट्टा न कापलेल्या गवताचा ठेवा आणि तो सरळ झुडपांपर्यंत जाऊ द्या. बाकीची हिरवळ कोरड्या दुपारीच कापा. गोगलगाईंसाठी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या ग्रेट ब्रिटनमध्ये ३१ मार्च २०२२ नंतर बाहेर वापरायला बंदी आहे. शेडमध्ये जुना डबा असेल तर तो पालिकेच्या घातक कचरा केंद्रात द्या. तसंही गोगलगाई हे न्यूटचं खाणं आहे. बर्फ वितळवायला पायवाटेवर टाकलेलं मीठ तळ्याकडे वाहू देऊ नका. गटाराच्या जाळीजवळ पिल्लं सापडत असतील तर आतल्या भिंतीला दगड किंवा खरखरीत फळी तिरकी लावा.

हिवाळ्याची जागा करायला अर्धा दिवस पुरतो. पाणी न साठणारी जागा निवडून दीड मीटर लांब, एक मीटर रुंद, अर्धा मीटर खोल खड्डा घ्या. त्यात ओंडके, फुटक्या विटा, कौलं मुद्दाम पोकळ्या ठेवत रचा आणि जमिनीच्या वर गुडघाभर येऊ द्या. बाजूंनी तीन-चार तोंडं मोकळी ठेवून वर वीस-तीस सेंटीमीटर माती आणि गवताचे तुकडे घाला. चिकणमातीत खड्ड्यात पाणी भरतं, आत झोपलेले न्यूट बुडतात. तिथे खड्डा नकोच, ढीग जमिनीवरच करा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी त्याला हात लावायचा नाही. कंपोस्टच्या ढिगालाही तोच नियम, कारण न्यूट तिथेही शिरतात आणि ढीग उपसायचा बागेचा काटा घुसतो तो नेमका त्यांच्यात.

सफाई आणि बाहेरून आणलेले न्यूट

वसंतात घर आवरताना तळंही आवरायचं, ही सवय सर्वांत महाग पडते. मार्च-एप्रिलमध्ये काढलेल्या प्रत्येक मूठभर झाडांबरोबर अंडी जातात. सफाई ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच, आणि एका वर्षात झाडांचा आणि गाळाचा एक तृतीयांशच भाग. पानगळीसाठी जाळी ताणायची असेल तर ती घट्ट ताणा, एक कड जमिनीपासून उचललेली ठेवा आणि जानेवारी संपायच्या आत काढा.

न्यूट कमी झाले म्हणून दुसऱ्या तळ्यातून अंडी किंवा मोठे न्यूट आणणं हा उपाय नव्हे. रानाव्हायरस आणि कायट्रिड बुरशी हे उभयचरांचे रोग असेच पसरतात. मूळ दोष तसाच राहिला तर आणलेलेही टिकणार नाहीत, आणि दोष गेला तर जवळपासचे स्वतःच येतात. पाठ निळसर आणि पोट एकसारखं गडद नारिंगी, ठिपका एकही नाही असा न्यूट दिसला तर तो अल्पाइन न्यूट असू शकतो. तो ब्रिटनचा नाही. फोटो काढून उभयचर आणि सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या स्थानिक गटाला कळवा, दुसरीकडे नेऊन सोडू नका.

दुरुस्तीचा परिणाम किती दिवसांनी दिसेल? पिल्लांच्या बाबतीत पुढच्याच जुलैमध्ये. मोठ्यांच्या बाबतीत थांबावं लागतं, कारण आज बाहेर पडलेलं पिल्लू वीण करायला दोन-तीन वर्षांनी परत येतं. दरवर्षी मार्चअखेर एकाच तासाला टॉर्चची फेरी मारून आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. थंड वर्षात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही कल्लेवाली पिल्लं पाण्यात दिसली तर तो दोष समजू नका. काही पिल्लं हिवाळा पाण्यातच काढून पुढच्या वसंतात बाहेर पडतात. अशा वर्षी त्या शरदातली सफाई सोडून द्या.